मिआटाला स्वे बार निवडताना : पहिल्यांदाच बदलणाऱ्यांसाठी

पुण्याहून साताऱ्याला जाणारी एसटी खंबाटकी चढायला लागली की उभे असलेले सगळे न सांगता वरच्या दांडीला घट्ट धरतात. बस वळणाच्या बाहेरच्या अंगाला कलते, आतली चाकं हलकी होतात आणि बाहेरच्या चाकांवर भार येतो. माझी मिआटा, म्हणजे दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, त्या एसटीच्या खिडकीपर्यंतही पोचणार नाही, पण वळणावर तिचंही हेच होतं, फक्त कमी प्रमाणात. स्वे बार म्हणजे या कलण्याला आवर घालणारा, स्प्रिंगच्या पोलादाचा वाकवलेला दांडा. कुणी त्याला अँटी-रोल बार म्हणतं, आपल्याकडच्या गॅरेजमध्ये तो ‘स्टॅबिलायझर’ असतो आणि त्याला चाकाच्या आर्मशी (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याशी) जोडणारा छोटा तुकडा म्हणजे ‘लिंक रॉड’.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. १९९५ची माझ्दा एमएक्स-५ मिआटा माझ्याकडे बरीच वर्षं आहे आणि उन्हाळ्यातल्या रविवारी ती ऑटोक्रॉसला असते : मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये शंकू मांडून आखलेली वाट, एका वेळी एक गाडी, पाऊण-एक मिनिटाची फेरी आणि पाडलेल्या प्रत्येक शंकूला दोन सेकंद दंड. ओळखीतल्या ज्या ज्या मराठी मंडळींनी जुनी मिआटा घेतली, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणता बार घेऊ? मी उलट विचारतो, वळणावर गाडी नक्की काय करते? याचं उत्तर मिळेपर्यंत पैसे खर्च करू नका, असं मला अगदी मनापासून वाटतं. पुढचं सगळं त्या प्रश्नाभोवतीच आहे.

माझ्दा भारतात गाड्या विकत नाही, त्यामुळे तिकडच्या वाचकांना मिआटा क्वचितच दिसेल. पण खालचा हिशोब कुठल्याही गाडीला लागू पडतो, आकडे तेवढे आपापले घाला.

बार नेमकं काय करतो

बारचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा. मधला लांब भाग दोन बुशांमधून (रबरी कड्यांमधून) गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो, दोन्ही टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकांच्या आर्मला जोडलेली. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार बुशांमध्ये नुसता फिरतो, विरोध करत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली जायला लागलं की मात्र त्याला पीळ पडतो आणि तो दोघांना एका पातळीत आणायला बघतो. वळणावर त्याचा फायदा होतो. एकाच बाजूच्या खड्ड्यात त्याचाच त्रास होतो : डावं चाक आपटलं की झटका उजव्या बाजूलाही पोचतो आणि डोकं हलतं. बार जितका जाड, तितकं हे जास्त.

आता मुख्य गोष्ट. जुनी मिआटा चालकासकट साधारण १०५० किलोची धरू. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर सुमारे १.४१ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची अंदाजे ४५ सेंटिमीटर. ०.९ जी जोराने (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट) वळलात तर १०५० गुणिले ०.९ गुणिले ०.४५ भागिले १.४१, म्हणजे साधारण ३०० किलो भार आतल्या चाकांवरून उचलून बाहेरच्या चाकांवर जातो. बार कितीही जाड घाला, हे ३०० किलो जवळजवळ तेवढेच राहतात. बारच्या हातात एवढंच असतं की त्यातले किती पुढच्या जोडीने सोसायचे आणि किती मागच्या.

या वाटणीला इतकं महत्त्व कशाला? टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही म्हणून. २५० किलोचा भार ३५० झाला, म्हणजे १.४ पट, तर पकड वाढते, पण १.४ पटीइतकी नाही. त्यामुळे ज्या जोडीच्या एकाच टायरवर जास्त भार ढकलाल, त्या जोडीची एकूण पकड कमी होते. पुढचा बार जाड केला की पुढची पकड तुलनेने घटते आणि गाडी नाक बाहेर काढून सरळ जायला बघते; हा अंडरस्टिअर. मागचा जाड केला की शेपूट सुटायला लागतं, हा ओव्हरस्टिअर. नव्या माणसाने एवढं एक पक्कं केलं तरी निम्मी चुकीची खरेदी टळते.

याला एक पोटनियम आहे. गाडी फार कलली की बाहेरचं चाक रस्त्यावर सपाट बसत नाही, टायरच्या कडेवर येतं. कलणं कमी केल्यामुळे टायर नीट टेकायला लागला तर पुढचा बार जाड करूनही पुढची पकड वाढू शकते. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात असलेल्या) गाड्यांमध्ये हे जास्त दिसतं. एनए आणि एनबी, म्हणजे पहिल्या दोन पिढ्यांच्या मिआटाला चारही चाकांना डबल विशबोन (वर-खाली दोन आर्म) आहे, त्यामुळे हा फायदा कमी असतो, पण अगदीच नसतो असं नाही.

पायरी १ : तक्रार लिहून काढा

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा. प्रत्येक वळणाचे तीन तुकडे करा : ब्रेक सोडून आत शिरताना, मधोमध आणि बाहेर पडताना ॲक्सिलरेटरचं पेडल दाबल्यावर. कुठल्या तुकड्यात पुढून घसरते, कुठे मागून? टायरमधली हवा किती होती? रस्ता कोरडा की ओला? पाच-सहा फेऱ्यांत चित्र दिसायला लागतं. ‘गाडी फार कलते’ ही मात्र तक्रार नव्हे. कलणारी गाडी वेगवानही असू शकते आणि मिआटा मुळातच थोडी कलते. तिचा इशारा त्यातूनच कळतो.

मी हे केलं नव्हतं. गाडी घेतल्यावर दोन महिन्यांत मागचा जाड बार विकत घेतला, तो स्वस्त होता आणि बसवायला सोपा होता म्हणून. कोरड्या दिवशी गाडी चपळ वाटली, मी खूश. पुढच्या वेळी पाऊस होता. तिसऱ्या शंकूपाशी नुसतं पेडल सोडलं आणि क्षणात समोर सुरुवातीची रेषा दिसायला लागली. गाडी पूर्ण गरकन फिरली होती. मोकळं पार्किंग होतं म्हणून निभावलं. हेच हायवेच्या ओल्या रॅम्पवर झालं असतं तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

पायरी २ : आहे ते आधी ठीक करा

टायर जुने, कडक झालेले असतील तर बारचे पैसे टायरवर घाला. त्यानंतर अलाइनमेंट. जुन्या मिआटाला पुढे-मागे कँबर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) जुळवता येतात आणि चांगल्या अलाइनमेंटने नवख्याच्या बहुतेक तक्रारी मिटतात. नंतर गाडीखाली टॉर्च घेऊन बघा : बारचे रबरी बुश फुगलेत का, चिरलेत का, लिंक रॉड हाताने हलवल्यावर खडखडतो का. लिंक सैल असेल तर आत्ता आहे तो बारसुद्धा पहिल्या काही मिलिमीटरपर्यंत काम करत नाही. शॉक अब्सॉर्बर थकलेले असतील तर नवा जाड बार गाडीला डोलायलाच लावेल.

पायरी ३ : मोजा आणि चौथा घात करा

कॅटलॉगमधल्या आकड्यावर अवलंबून राहू नका, व्हर्निअर कॅलिपर घेऊन स्वतःच्या गाडीचा बार मोजा. वर्ष आणि पॅकेज बदललं की बार बदलतो. जुन्या मिआटामध्ये पुढचा साधारण १८ ते २२ मिलिमीटर आणि मागचा ११ ते १४ या टप्प्यात सापडतो. मागच्या मालकाने बदललाही असेल.

बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. ऐकायला साधं, पण भल्याभल्यांना फसवणारं. २०चा बार २२चा केला, नुसते दोन मिलिमीटर, तर १.१चा चौथा घात १.४६, म्हणजे बार ४६ टक्के कडक. २०चा २४ केला तर दुपटीच्या थोडं वर. आणि मागच्या बारीक बारला तर फारच सांभाळा : १२चा १४ केला तर ८५ टक्के वाढ, १२चा १६ केला तर तिपटीहून जास्त! माझा पहिला बार असाच होता. ‘चार मिलिमीटरने काय होतंय’ म्हणून घेतलेला.

पण गाडी तिपटीने कमी कलेल असं समजू नका, कारण कलण्याला स्प्रिंगही विरोध करत असतात. समजा पुढच्या जोडीत दोन तृतीयांश विरोध स्प्रिंगांचा आणि एक तृतीयांश बारचा आहे. बार ४६ टक्के कडक केला तर त्या जोडीचा एकूण विरोध साधारण १५ टक्के वाढतो.

पोकळ की भरीव? पीळ सोसायचं काम मुख्यतः बाहेरचा थर करतो, मधलं पोलाद नुसतं वजन वाढवतं. २५ मिलिमीटरचा बार घ्या, ४ मिलिमीटर जाडीच्या नळीचा. भरीव बारच्या तुलनेत त्याचा कडकपणा फक्त २१ टक्के कमी आणि वजन मात्र ४६ टक्के कमी. म्हणून दोन बारांची तुलना नुसत्या बाहेरच्या व्यासावर करू नका. पोकळ असेल तर भिंतीची जाडी विक्रेत्याला विचारा. सांगता येत नसेल तर दुसरीकडून घ्या.

पायरी ४ : पुढचा की मागचा

मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीला, नव्या माणसाने आधी पुढचा बार घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. मिआटाचे अनुभवी लोकही बहुधा तेच सांगतील, विशेषतः साधा डिफरन्शिअल (इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअर) असेल तर. मागचा बार जाड असला की वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक हलकं होतं, कधी कधी जमीन सोडतं. साधा डिफरन्शिअल सगळी ताकद त्या लटकत्या चाकावर उधळतो. टायर किंचाळतो, गाडी पुढे सरकत नाही. पुढचा बार जाड केला की कलण्याचा मोठा वाटा पुढची जोडी सोसते, मागची दोन्ही चाकं जमिनीला धरून राहतात आणि पेडल लवकर दाबता येतं. तुमच्या गाडीला टॉर्सनसारखा लिमिटेड स्लिप (एकाच चाकावर सगळी ताकद जाऊ न देणारा डिफरन्शिअल) असेल, जो १९९४पासून मिआटाला पर्याय म्हणून मिळायचा, तर मागे थोडी जास्त मोकळीक आहे.

पण पुढचा जाड केल्यावर गाडी अंडरस्टिअर करणार नाही का? थोडी करेल. ते टायरच्या हवेने आणि पुढच्या कँबरने बरंचसं भरून काढता येतं. शिवाय अंडरस्टिअरला माणूस नैसर्गिकपणे जे करतो, म्हणजे पाय काढतो, तेच बरोबर असतं. ओव्हरस्टिअरला तेच केलं तर काय होतं, ते मी वर सांगितलं.

तुमच्या वहीत सगळीकडे ‘पुढून घसरते’ असंच लिहिलेलं असेल, टायर आणि अलाइनमेंट ठीक असूनही, तर मागचा बार हेच उत्तर. तरीही १२वरून १४, एकदम १६ नको. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं गणित उलटं असतं, तिथे लोक मागच्या बारपासूनच सुरुवात करतात. तेव्हा हॅचबॅकवाल्या मित्राचा सल्ला मिआटाला लावू नका.

पायरी ५ : खरेदी करताना

आधी नियम. एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) ऑटोक्रॉसमध्ये स्ट्रीट गटात पुढचा किंवा मागचा, दोन्हींपैकी एकच बार बदलता येतो. स्ट्रीट टूरिंगमध्ये दोन्ही चालतात. नियमपुस्तिका दरवर्षी निघते, पैसे भरण्याआधी त्या वर्षाची प्रत वाचा.

मग वर्ष जुळवा. अमेरिकेत १९९८चं मिआटा मॉडेल विकलंच गेलं नाही. १९९७पर्यंत एनए, १९९९पासून एनबी. दोघींचे बरेच भाग एकमेकींना चालतात, एनसी आणि एनडी या नंतरच्या पिढ्यांचे मात्र वेगळे. बार बनवणारे पुष्कळ आहेत : माझ्दाच्या गाड्यांसाठी ओळखले जाणारे कॅलिफोर्नियाचे रेसिंग बीट, मिआटावाल्यांचे फ्लायिन मिआटा, जर्मनीचे आयबाख, ऑस्ट्रेलियाचे व्हाइटलाइन, जपानचे कुस्को. नावापेक्षा पुढच्या गोष्टी बघा.

टोकाला किती भोकं आहेत? दोन-तीन भोकांचा बार नवख्यासाठी उत्तम, कारण एका बारमध्ये दोन-तीन बार मिळतात. लिंक टोकापासून आतल्या भोकात आणली की हात आखूड होतो आणि कडकपणा वाढतो, तोही लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. २४० मिलिमीटरचा हात २१० झाला की साधारण ३० टक्के वाढ.

बुश बहुधा पॉलियुरेथेनचे येतात. रबरापेक्षा कडक आणि अचूक, पण कोरडे पडले की करकरतात, थंडीत जास्तच. सोबत दिलेलं सिलिकॉनचं ग्रीस वापरा, कपाटातलं कुठलंही नको.

लिंक रॉड लांबी बदलता येणारे घ्या. मूळ लिंकची लांबी मूळ बारसाठी आणि मूळ उंचीसाठी असते. गाडी स्प्रिंगने खाली आणली असेल तर हे जवळजवळ सक्तीचंच.

आणि एनए-एनबीवाल्यांनी एक गोष्ट अजिबात टाळू नये. या गाड्यांची पुढच्या बारची बैठक मूळच्या बारीक बारसाठी केलेली आहे. खूप जाड बार लावून जोरात चालवलं की ती वाकते, फाटू शकते. मजबुतीकरणाचे ठोकळे रेसिंग बीटसारखे लोक त्यासाठीच विकतात. जाड बारच्या किमतीत त्यांची किंमत आधीच मिळवून ठेवा.

पायरी ६ : बसवताना

मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं, त्यामुळे इथे अर्धा वेळ गंजलेल्या नटांशी झगडण्यात जातो. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. चाकांच्या नटांना २१चा सॉकेट, बाकीच्यांना मधल्या मापाचे पाने. लिंकचा बोल्ट नटाबरोबर फिरायला लागला तर मागून दुसऱ्या पान्याने धरा.

गाडी पुढे क्रॉसमेंबरवर (खालच्या आडव्या तुळईवर), मागे डिफरन्शिअलवर जॅक लावून उचला आणि चारही जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. त्या जोडीची दोन्ही चाकं एकदमच उचललेली हवीत. एक वर आणि एक खाली असेल तर बारला पीळ बसलेला असतो आणि लिंक सोडताच तो उसळतो.

बुश आतून ग्रीस लावून बसवले, क्लँप आवळले की बारचं टोक एका हाताने वर-खाली करून बघा. तो जड पण सलग फिरायला हवा. अडकत असेल तर क्लँप वाकडा बसलाय.

आता सगळ्यात नाजूक काम. लिंकची अंतिम लांबी गाडी चाकांवर सपाट उभी असताना, चालकाच्या जागी चालकाइतकं वजन ठेवून जुळवायची. मी इंडियन स्टोअरमधल्या २० पौंडी तांदळाच्या पिशव्या वापरतो. आठ पिशव्या म्हणजे ७२-७३ किलो, माझ्याएवढंच. सहा सीटवर, दोन पायाशी. मग एका बाजूची लिंक जोडायची. दुसऱ्या बाजूची लांबी पाव-पाव फेऱ्याने कमी-जास्त करत राहायचं, तिचा बोल्ट भोकात नुसत्या बोटांनी, हातोडी न लावता, घसरत जाईपर्यंत. तो बोटांनी गेला म्हणजे बारला उभ्या गाडीत पीळ नाही. हातोडीने ठोकून घातलात तर गाडी कायमची एका कोपऱ्यावर जास्त भार टाकून उभी राहील आणि डावीकडे वेगळी, उजवीकडे वेगळी वळेल. रॅम्प असतील तर खाली सरकायला जागा मिळते, पण चारही चाकं एकाच उंचीवर हवीत. बोल्ट किती आवळायचे ते गाडीच्या मॅन्युअलमधून आणि बारसोबतच्या कागदावरून घ्या, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरावर आवळणाऱ्या पान्यानेच).

शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बार किंवा लिंक ब्रेकच्या नळीला, टायरला कुठे घासत नाही ना, ते बघा.

पायरी ७ : पहिल्या फेऱ्या

सर्वांत मऊ, म्हणजे टोकाजवळच्या, भोकापासून सुरुवात, दोन्ही बाजूंना तेच. पहिली परीक्षा बंद मैदानात घ्या, सार्वजनिक रस्त्यावर नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला : आज भोक बदललं तर हवा तीच ठेवा. वही तीच, तीन तुकडे तेच. मधोमध गाडी अजून पुढून घसरत असेल आणि पुढचा बार आधीच मऊ भोकात असेल, तर मागचा विकत घेण्याआधी हवा एक-दोन पीएसआयने बदलून बघा. ओल्या दिवशी बार एक भोक मऊ करायला पंधरा मिनिटं लागतात, आणि ती मी आता नेहमी काढतो.

साधारण १५० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि प्रत्येक नटावरून बोल्टावर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. खडखड ऐकू आली तर आधी त्या रेघा बघायच्या. रेघ तुटलेली दिसली तर तोच नट फिरलाय.